तळातलं पाणी

मामा बोटीच्या पोटाखाली उताणे झोपले होते आणि त्यांचे फक्त पाय दिसत होते. सकाळचे साडेसहा वाजले असतील. वैशाखी पुनवेची सुकती लागलेली. आंजर्ल्याच्या खाडीतलं पाणी इतकं मागे गेलं होतं की एरवी डुलणाऱ्या होड्या चिखलात एका कुशीवर कलून पडल्या होत्या. खालून ठक, ठक, ठक असा सारखा आवाज येत होता आणि तो मध्येच थांबला की माझ्या धाकट्या भावाचा श्वास अडकत होता.

मामांच्या एका हातात छोटी हातोडी असते आणि दुसऱ्या हातात गोणी शिवायचं दाभण. चाळीस वर्षं होड्या दुरुस्त करणाऱ्या या माणसाने जुनी बोट पारखायला दुसरं काही हत्यार वापरलेलं मी पाहिलेलं नाही. पठाणाच्या, म्हणजे बोटीच्या तळाच्या कण्याच्या, मागच्या टोकापासून सुरुवात करायची आणि वीत वीत सरकत नाळेपर्यंत, म्हणजे पुढच्या टोकापर्यंत, यायचं. चांगलं सागवान वाजलं की हातोडी जराशी उसळते, आवाज कोरडा आणि मोकळा येतो. कुजकी फळी आवाज गिळते. तिथे मामा थांबतात, बोटाने चाचपतात, मग दाभण टोचतात. नखाएवढं जाऊन अडलं तर पुढे सरकतात. पेरभर आत गेलं आणि बाहेर येताना टोकाला ओला काळा भुगा घेऊन आलं, तर ते दाभण पायजम्याला पुसतात आणि काही न बोलता त्या जागी खडूने फुली मारतात.

त्या सकाळी एकूण चार फुल्या पडल्या. पस्तीस फुटी बोटीला चार. भाऊ माझ्याकडे बघत होता आणि चार म्हणजे जास्त की कमी हे मलाही कळत नव्हतं.

भाऊ २७ वर्षांचा आहे. सहा मोसम दुसऱ्यांच्या बोटींवर काढले, त्यातले शेवटचे दोन तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, म्हणून. आता त्याला स्वतःची बोट हवी आहे. नवी बांधणं आमच्या आवाक्यातलं नाही, म्हणून जुनी. चार सिलिंडरची, गिलनेटच्या, म्हणजे कल्ल्यांत मासा अडकवणाऱ्या, जाळ्यांसकट मालकाने नऊ लाख सांगितले होते. मी दापोलीत पतपेढीत नोकरी करते. कागद वाचणं आणि आकडे मांडणं हे माझं काम, म्हणून मला नेलं होतं. लाकूड मामा वाचणार, इंजिन भाऊ आणि मामा मिळून बघणार.

बाबा आले नाहीत. त्यांना कोणी 'चला' म्हटलंही नाही.

त्याचं कारण सांगायला हवं, कारण ते माहीत नसेल तर चार फुल्यांनी आमच्या पोटात गोळा का आला ते कळणार नाही. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ आलं तेव्हा बाबांची बोट हर्णैच्या बंदरात नांगरावर होती. दोर तुटला, ती खडकावर आपटली आणि दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर नुसत्या फळ्या मिळाल्या. मी बारावीत होते, भाऊ अकरा वर्षांचा. त्या हिवाळ्यात घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. मार्चमध्ये बाबांनी आईच्या पाटल्या आणि सोसायटीचं कर्ज यांच्या जोरावर, इथून तीन-चार तास दक्षिणेला असलेल्या एका बंदरातून जुनी बोट घेतली. लाकडी, पण बाहेरून ताजं फायबर चढवलेलं. काचेसारखी चमकत होती. 'आता वीस वर्षं लाकडाकडे बघायला नको,' असं विकणारा म्हणाला होता. बाबांनी तळात हात घातला तर हात कोरडा बाहेर आला. मामा तेव्हा दुसऱ्या कामात होते. त्यांच्यासाठी थांबायला बाबा तयार नव्हते, कारण मोसमाचे दोन-अडीच महिनेच उरले होते आणि कर्जाचा हप्ता त्यासाठी थांबणार नव्हता.

एक मोसम चांगला गेला. दुसऱ्याच्या सुरुवातीला, समुद्रात असताना एका रात्री बॅटरी उतरली. चार तासांत पाणी इंजिनाच्या बैठकीपर्यंत आलं. पाच माणसांनी बादल्यांनी उपसत बोट घरी आणली. वर ओढून फायबर कापलं तेव्हा मामा आले होते. त्यांनी फायबरचा एक पत्रा धरून ओढला तर त्याच्यासोबत खालची फळी सुटून आली, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी. मी तिथे उभी होते. तो वास मला अजून आठवतो, ओल्या, बंद माळ्यासारखा. आणि इंजिनाच्या बैठकीखाली, हात सहज जाणार नाही अशा कोपऱ्यात, एक छोटा पंप निघाला. पाणी चढलं की तरंगता गोळा वर उचलला जातो आणि पंप आपोआप चालू होतो, त्या जातीचा. बोट रोज रात्री गळत होती आणि पंप रोज रात्री ते झाकत होता.

बाबांनी इंजिन विकून कर्जातलं जेवढं फिटलं तेवढं फेडलं. नंतर ते कायम दुसऱ्याच्या बोटीवर गेले.

म्हणून लाकडावर नंतर चढवलेल्या फायबरबद्दल माझं मत पक्कं आहे आणि ते सौम्य करून सांगायची मला इच्छा नाही. नव्या, वाळलेल्या, निरोगी लाकडावर कारागिराने मन लावून केलेलं फायबर ही वेगळी गोष्ट. पण आपल्या बंदरांवर बहुतेक वेळा ते केव्हा चढवतात? बोट गळायला लागल्यावर. लाकूड पाण्यात फुगतं, उन्हात आकसतं, सारखं हालत असतं. फायबर तेवढं हालत नाही. मग दोघांची पकड सुटते, एखाद्या खिळ्याच्या भोकातून पाणी मध्ये शिरतं आणि तिथून त्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. लाकडाला वारा लागत नाही. वरून बोट जितकी सुंदर दिसते तितकी आतून वेगाने जाते. अशी बोट बघायची असेल तर बाहेरून बघूच नये. आत उतरून, तळाच्या फळ्या उचलून, वाकांच्या, म्हणजे बोटीच्या फासळ्यांच्या, मुळाशी दाभण टोचावं. मालकाने फळ्या उचलू दिल्या नाहीत तर चहा पिऊन परत यावं.

या खेपेला आम्ही याआधी दोन बोटी बघितल्या होत्या. पहिली दुसऱ्या तालुक्यात, नव्या रंगात न्हालेली. आम्ही पोचायच्या आत मालकाने इंजिन एकदा चालवून ठेवलं होतं. मामांनी इंजिनावर तळहात ठेवला, काढला आणि म्हणाले, "परत येतो." आम्ही परत गेलो नाही. गरम इंजिन कुठलंही चालू होतं. गार इंजिन पहिल्या दोन-तीन झटक्यांत कसं उठतं आणि उठताना कुठल्या रंगाचा धूर सोडतं, ते बघायचं असतं. दुसरी बोट संपूर्ण फायबरची होती, लाकूड नाहीच. तिच्यावर मामांनी हातोडीऐवजी रुपयाच्या नाण्याने वाजवत फेरी मारली. पुढे टणटण आणि मागच्या आडव्या भिंतीवर, जिथे सगळा जोर येतो तिथे, थपथप. फायबरचे थर एकमेकांपासून सुटले होते. बुडाला तांदळाएवढे फोड होते, त्यातला एक मामांनी नखाने फोडला तर आतून आंबूस वासाचं पाणी आलं. किंमत बरीच कमी होती, पण ती का कमी आहे ते नाण्याने सांगितलं होतं.

तर ही तिसरी. हिला फायबर नव्हतं. रंगही जुनाच होता, जागोजागी पोपडे आलेला. मला ती बघताक्षणी आवडली नाही. मामांना आवडली, हे मला नंतर कळलं.

मामा खालून बाहेर आले ते चिखलाने माखून. मी चार फुल्यांबद्दल विचारलं. त्यांनी मला हात धरून खाली वाकवलं आणि पहिली फुली दाखवली. फळीला सुईच्या टोकाएवढं भोक होतं, जवळजवळ न दिसणारं. मामांनी पटाशीने तिथला तुकडा उडवला. आत करंगळी जाईल एवढा बोगदा, आतून चुन्यासारखा पांढरा आणि गुळगुळीत. त्यात किडा मात्र नव्हता. हा किडा दिसायला गांडुळासारखा, पण जातीने शिंपल्याच्या कुळातला. बाळपणी सुईच्या भोकातून आत शिरतो आणि मग आतल्या आत पोखरत मोठा होतो. बाहेरून काही दिसत नाही. मामा म्हणाले, "मेलाय. जुनं दुखणं आहे. पावसात ही खाडीत वर आणून ठेवलेली असणार. गोडं पाणी त्याला सोसत नाही."

आणि लगेच पुढे, "पण गोडं पाणी लाकडालाही सोसत नाही. म्हणून आता वर चढून बघायचं."

हे मला त्या दिवसापर्यंत नीट कळलं नव्हतं. मला वाटायचं की बोट समुद्राने सडते. उलट आहे. खाऱ्या पाण्यात भिजलेलं लाकूड सहसा कुजत नाही, ते कुजतं पावसाच्या पाण्याने. त्यामुळे कुजकट जागा शोधायच्या त्या बुडाला नाही, वर: डेकच्या कडेला, केबिनच्या भिंती जिथे डेकला मिळतात त्या सांध्यात, नाळेच्या आतल्या बाजूला, बर्फाच्या खणाच्या झाकणाभोवती. पाणी जिथे साचतं आणि वारा जिथे पोचत नाही तिथे. पूर्वी पावसाळ्यात होडी वर ओढून नारळाच्या झापांनी शाकारायचे, आता ताडपत्री आणि निळं प्लास्टिक बांधतात. झापांतून वारा खेळायचा. प्लास्टिक घट्ट बांधलं की आत वाफ धरते आणि चार महिन्यांत डेकची कड मऊ होते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, आणि बोटीचं आयुष्य ठरतं ते या बंद दिवसांत, असं मामांचं म्हणणं. विकणाऱ्याला पहिला प्रश्न काय विचारायचा तर, 'पावसात कुठे ठेवता आणि कशाने झाकता?'

बाकीच्या तीन फुल्यांपैकी दोन खिळ्यांच्या होत्या. लोखंडी खिळा गंजतो, फुगतो आणि भोवतीचं लाकूड काळं, भुसभुशीत करून टाकतो. रंगावरून खाली ओघळलेली तांबडी रेघ दिसली की तिच्या वरच्या टोकाला असा खिळा असतो. चौथी फुली मात्र खरी कुजकट होती, नाळेच्या आत, हातभर लांबीची. "एक फळी बदलायची, एक वाक अर्ध्यात जोडायचा. आठ दिवसांचं काम," मामा म्हणाले. मग त्यांनी नाळेपासून सुकाणूपर्यंत पठाणाच्या बाजूने सुतळी ताणून धरायला लावली. मी एका टोकाला, भाऊ दुसऱ्या टोकाला. पठाण सुतळीला धरून सरळ होतं. बोट वर्षानुवर्षं चुकीच्या टेकणांवर ठेवली की तिची दोन्ही टोकं खाली ओघळतात, पाठ उंच होते. अशी बोट घेऊ नये, कारण फळी बदलता येते, पाठ बदलता येत नाही.

पंख्यालाही मामांनी दोन्ही हातांनी धरून हलवलं. शाफ्ट खडखडला, पण थोडाच. पात्यांवर कुठे गुलाबी डाग आहेत का ते पाहिलं. पितळेतलं जस्त समुद्राच्या पाण्यात झिजून गेलं की मागे असा गुलाबीसर रंग उरतो आणि पातं ठिसूळ होतं. डाग नव्हते.

मग करायला काही उरलं नाही, कारण भरती यायला अजून दोन-तीन तास होते. इंजिन गार होतं आणि मामांना ते बोट तरंगल्यावरच चालू करायचं होतं. मालकाचं घर खाडीच्या काठावरच होतं. आम्ही पडवीत बसलो. मालक साठीचे, गुडघ्याला पट्टा बांधलेले, फार न बोलणारे. मामा आणि ते दोघं मिळून सुपारी कातरत गप्प बसले. मला मालकीणबाईंनी आत बोलावलं.

जुनी बोट बघताना सगळ्यात महत्त्वाचं काय, असं मला आज कोणी विचारलं तर मी सांगेन की विकणारा का विकतोय ते. आणि ते बोटीवर कळत नाही, स्वयंपाकघरात कळतं. आमच्या समाजात मासळी विकून पैसा हातात घेते ती बाई, घरखर्चाचा आणि कर्जाचा हिशोब तिच्याच डोक्यात असतो. मी त्यांना सरळच विचारलं, "काकी, का विकताय?"

त्यांनीही सरळच सांगितलं. मुलगा लोट्याला कंपनीत लागला, तो दर्यावर जाणार नाही. गेल्या मोसमाला दोन नेपाळी खलाशांना आगाऊ पैसे दिले, ते दिवाळीला गावी गेले ते आलेच नाहीत. होळीनंतर बोट खाडीतच आहे. आणि मालकांचा गुडघा. "बोट वाईट नाही गं बाय. माणसंच राहिली नाहीत तिच्यावर."

हे कोणीही सांगू शकतं. पण मग त्यांनी कपाटातून एक प्लास्टिकची पिशवी आणली. आत बारा वर्षांच्या वह्या होत्या, लाल पुठ्ठ्याच्या, किराणा दुकानात मिळतात तशा. त्यांच्या हाताने लिहिलेल्या. कुठल्या तारखेला बोट वर ओढली, कधी शाकारली, किती खिळे आणले आणि ते कुठल्या बाजूला मारले. ऑइल कधी बदललं. इंजिन कधी उघडलं, त्यात काय बदललं, मिस्त्रीला किती दिले. प्रत्येक पानाला पावत्या टाचलेल्या. २०२१ च्या मे महिन्याच्या पानावर 'तौक्ते. दोन नांगर टाकले. बोट वाचली' असं लिहून खाली त्यांनी रेघ मारली होती. २०२० च्या पानावर निसर्ग वादळात केबिनचं छप्पर उडाल्याचं आणि नवीन पत्र्याचं बिल होतं. मी पतपेढीत रोज कर्जदारांचे कागद बघते. नीटनेटका ताळेबंद खोटाही असू शकतो. पण बारा वर्षं दर जूनमध्ये एकाच शाईच्या पेनाने लिहिलेली 'बोट वर घेतली' ही ओळ खोटी नसते. नाळेतल्या कुजकट जागेचीही नोंद होती: 'पुढे आत पाणी साचतं, पावसानंतर फळी बदलणे.' ती बदलली गेली नव्हती. त्या वर्षी पैसे नसणार.

त्याच वह्यांत दुसरीही गोष्ट होती, आणि ती मी वाचली नसती तर बरं झालं असतं असं क्षणभर वाटलं. प्रत्येक फेरीचा जमाखर्च. चार दिवसांच्या फेरीला साडेतीनशे लिटर डिझेल म्हणजे तीस हजारांच्या वर, शिवाय बर्फ, शिधा, खलाशांचा पगार आणि वाटा. मी मागच्या दोन मोसमांच्या फेऱ्या मोजल्या. जवळजवळ निम्म्या फेऱ्यांत मासळी विकून खर्चही निघाला नव्हता. चांगल्या फेऱ्या होत्या, एका फेरीत सुरमईने महिना तारला होता. पण त्या चांगल्या फेऱ्यांच्या मध्ये तीन-तीन आठवडे कोरडे गेलेले दिसत होते. आधीच्या वह्यांत असं नव्हतं. पूर्वी बांगड्याच्या दिवसांत पानं भरून जायची.

म्हणजे 'ही बोट घेण्यासारखी आहे का' हा एक प्रश्न नव्हता. दाभण आणि हातोडी पहिल्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर देतात. दुसऱ्या अर्ध्याचं उत्तर या वहीत होतं आणि ते मामांना वाचता येत नव्हतं, भावाला वाचायचं नव्हतं.

मी त्याला पडवीच्या मागे नेऊन आकडे सांगितले. त्याने सगळे ऐकून घेतले. म्हणाला, "ताई, दुसऱ्याच्या बोटीवर गेलो तरी समुद्र तोच आहे ना. तिथे मासळी नाही मिळाली तर मला वाटा नाही, मिळाली तरी बोटीचा वाटा मालकाला. निदान इथे बोटीचा वाटा माझा." त्यावर मी काही बोलले नाही. कागदावर तो चुकत होता असंही म्हणता येत नव्हतं. मी फक्त एवढं ठरवलं की नऊ लाखांत ही बोट मी त्याला घेऊ देणार नाही. फळी, वाक, शाफ्टचा बुश, अर्धी जाळी बदलायची, आणि पहिले तीन महिने रिकामे गेले तरी हप्ता भरता येईल एवढी शिल्लक हातात, हे सगळं वजा करून जो आकडा येईल तोच तिचा भाव. माझ्या हिशोबाने तो सव्वासहा होता.

कागदांचं थोडक्यात सांगते, कारण ते कंटाळवाणं असलं तरी बोट बुडवू शकतं. नोंदणी मालकांच्या नावावर होती की त्यांच्या वारलेल्या भावाच्या? भावाच्या असती तर सगळ्या वारसांच्या सह्या लागल्या असत्या. सोसायटीचं कर्ज फिटल्याचा दाखला आहे का, बोटीवर बोजा आहे का. मासेमारीचा परवाना नोंदणीपेक्षा वेगळा असतो, तो चालू आहे का आणि कुठल्या जाळ्याचा आहे. पर्ससीनवर, म्हणजे माशांच्या थव्याला वेढणाऱ्या मोठ्या जाळ्यावर, २०१६ पासून निर्बंध आहेत, त्यामुळे 'परवाना होईल' या तोंडी आश्वासनावर कोणी पैसे देऊ नयेत. जुना दंड थकलाय का, कारण २०२१ ला कायदा बदलल्यापासून दंड लाखांत गेले आहेत. बोटीवर रंगवलेला नंबर आणि कागदावरचा नंबर एकच आहे का, इंजिनाचा नंबर जुळतो का. २००८ च्या नोव्हेंबरात पोरबंदरची 'कुबेर' ही मच्छीमार बोट ताब्यात घेऊन अतिरेकी मुंबईपर्यंत आले, तेव्हापासून आपल्या प्रत्येक बोटीकडे आणि खलाशाच्या ओळखपत्राकडे समुद्रात बारकाईने बघतात. चुकीच्या नंबराची बोट घेऊन कोणी बंदराबाहेर पडू नये. इथे सगळं जुळलं. सोसायटीचा ना हरकत दाखला बाकी होता, तो मालक आणून देणार होते.

साडेदहाच्या सुमाराला बोट चिखलातून सुटली. आधी मागचा भाग उचलला गेला, मग एक झोल खाऊन ती सरळ झाली. मामांनी पाण्याची रेषा दोन्ही बाजूंनी सारखी आहे का ते बघितलं. एकीकडे कललेली बोट म्हणजे खणाच्या अस्तरात पाणी मुरलेलं असू शकतं, आणि ते वजन मासळी असो नसो कायम वाहावं लागतं. मग भावाने ऑइलची काडी काढून दाखवली. काळं होतं, पण स्वच्छ. दुधाच्या चहासारखं दिसलं असतं तर पाणी ऑइलमध्ये गेलेलं असतं. तिसऱ्या झटक्याला इंजिन उठलं. पहिला धूर पांढरा, गार इंजिनाला तो चालतो. मिनिटभरात गेला. निळा आला नाही, म्हणजे ऑइल जळत नव्हतं. जोर दिल्यावर काळा आला आणि थोडा जास्तच आला. नोझल साफ करावी लागणार. माझ्या सव्वासहातून मी मनातल्या मनात आणखी पंधरा हजार वजा केले.

खाडीच्या तोंडापर्यंत गेलो. वाळूने ते तोंड इतकं भरलं आहे की पुनवेच्या भरतीशिवाय मोठ्या बोटीला धडकी भरते. तिथून सुवर्णदुर्ग दिसतो. भाऊ सुकाणूवर होता आणि त्याच्या खांद्यांची ठेवण बाबांसारखी आहे, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं.

परत आल्यावर मामा तळात उतरले. फळी उचलली. तळाला बोटभर पाणी होतं. मला एकदम बाबांच्या बोटीची ती जुनी रात्र आठवली आणि हात गार पडले. मामांनी त्या पाण्यात बोट बुडवून जिभेवर ठेवलं. मग मला म्हणाले, "तू पण बघ."

डिझेलचा किंचित वास, गंजाची चव आणि मीठ. खारं.

"गोडं असतं तर वरून आलेलं, पावसाचं. हे खालून आलंय. होळीपासून चिखलात उन्हात आहे, फळ्या आकसल्यात. पाण्यात राहिली की फुगतील आणि फटी मिटतील. मिटल्या तर चांगली बोट. नाही मिटल्या तर दाजींच्या बोटीसारखी." त्यांनी आधी ते पाणी पूर्ण उपसून काढायला लावलं. संध्याकाळपर्यंत थांबलो, तेवढ्या वेळात चार बोटं पाणी परत आलं. मामा म्हणाले, येऊ दे. अंधार पडताना त्यांनी वाकावर, पाण्याच्या पातळीला धरून, खडूने आडवी रेघ मारली. भाऊ रात्री बोटीवरच झोपणार होता. मालकांनी हरकत घेतली नाही, उलट काकींनी त्याला भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी बांधून दिली.

मला रात्री झोप लागली नाही. घरात मी काहीच बोलले नव्हते, पण आईला सगळं ठाऊक होतं आणि तिने बाबांना सांगितलं असणार. पहाटे साडेपाचला फोन वाजला.

"ताई, रेघ तिथंच आहे. रेघेच्या वर नाही आलं. दोनदा उठून टॉर्चने बघितलं, दीड वाजता पण तिथंच होतं."

बाबा ओटीवर बसले होते, जागेच. मी त्यांना सांगितलं. या सगळ्या महिन्यात त्यांनी बोटीबद्दल एक शब्द विचारला नव्हता. थोडा वेळ समोर बघत राहिले. मग म्हणाले,

"पंपाची वायर काढली होती का?"

मी भावाला परत फोन लावला. तो म्हणाला, "मामांनी कालच फ्यूज काढलाय. माझ्या खिशात आहे."

मी तेच बाबांना सांगितलं. ते उठले, खुंटीवरचा सदरा घेतला, आणि आईला म्हणाले की चहा नको, आधी जाऊन येतो.